खेळाच्या डब्याला कडी

दोस्तांनो, आज जेवायला बसण्याआधी स्वयंपाकघरात एक चक्कर मारा. हातात वही-पेन्सिल घ्या आणि वस्तू धरायच्या किती जागा दिसतात ते लिहून काढा. बादलीला कडी. कढईला दोन कान. पळीला दांडा. सुरीला मूठ. पिशवीला बंद. घरात जुनं जातं असेल तर त्याला खुंटा. बघा, काम एकच, हातानं धरायचं. पण आपल्या भाषेनं त्याला केवढी नावं दिली आहेत! जे उचलायचं त्याला कडी, जे फिरवायचं त्याला खुंटा, ज्यानं कापायचं त्याला मूठ.

आता बाहेरच्या खोलीत या आणि टीव्हीजवळ पाहा. टीव्हीला कडी आहे? सेट-टॉप बॉक्सला कान आहेत? नाहीत ना! सगळं कसं गुळगुळीत. ज्यांनी या वस्तू बनवल्या, त्यांनी ठरवूनच टाकलं की त्या एकदा जागेवर ठेवल्या की हलायच्या नाहीत.

मग मला सांगा, टीव्हीला जोडून खेळायचं जे व्हिडिओ गेमचं यंत्र असतं, त्याला हँडल हवं की नको? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? पण जपानमधल्या एका मोठ्या कंपनीनं या प्रश्नाचं उत्तर एकदा "हवं" असं दिलं होतं. आणि मला स्वतःला हा प्रश्न लहानपणीच पडला होता, तोही एका फजितीमुळे. आधी ती फजिती ऐका.

साताऱ्याहून सांगलीला

१९९९ सालची मे महिन्याची सुट्टी. मी तेव्हा चौथीची परीक्षा दिलेली. बाबांनी त्या वर्षी कॅसेट घालून खेळायचा व्हिडिओ गेम आणला होता. पांढरट रंगाचं प्लॅस्टिकचं खोकं, त्याला वायरीनं जोडलेले दोन रिमोट, आणि टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात खुपसायची एक लांब वायर. चॅनेल फिरवत बसायचं, मुंग्या हटून चित्र दिसलं की आरडाओरडा करायचा!

सुट्टीत सांगलीला मामाकडे जायचं ठरलं. मामेभावंडांना आधीच पत्रातून कळवलं होतं की गेम घेऊन येतेय. खोकं जुन्या टॉवेलात गुंडाळलं, कापडी पिशवीत घातलं. एसटीत ते कुठं ठेवायचं? वरच्या फळीवरून पडेल, खाली ठेवलं तर धक्क्यानं आपटेल. शेवटी कराड, पेठनाका, आष्टा करत सांगली येईपर्यंत ते मी मांडीवर घेऊन बसले. पिशवीचे बंद बारीक होते. स्टँडवरून मामाच्या घरापर्यंत चालताना बोटांवर लाल वळ उठले.

घरी पोचते तर गल्लीतली दहा-बारा पोरं हजर! "काढ की गं लवकर!" टीव्ही लावला, खोकं मांडलं, रिमोट जोडले, वायर खुपसली. आणि मग माझ्या लक्षात आलं की अ‍ॅडॉप्टर साताऱ्यातच राहिला. भिंतीवरच्या प्लगमध्येच!

मामा मला शेजारच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला. दुकानातले काका म्हणाले, "पोरी, अ‍ॅडॉप्टर कुठलाबी चालत नाही. व्होल्ट जुळलं पाहिजे, प्लस-मायनस जुळलं पाहिजे. नाहीतर तुझा गेम कायमचा बसंल." मग बूथवरून साताऱ्याला फोन झाला. बाबांनी दुसऱ्या दिवशी अ‍ॅडॉप्टर एसटीच्या कंडक्टरकडे दिला आणि मामानं तो सांगलीच्या स्टँडवर उतरवून घेतला. तोवर आम्ही दोन दिवस कॅरम खेळलो. पोरं मला चिडवत होती ते वेगळंच.

त्या दिवसापासून डोक्यात दोन गोष्टी पक्क्या बसल्या. एक, या खोक्याला धरायला काहीतरी हवं होतं. दुसरी, नुसतं धरायला असून भागलं नसतं!

जांभळा ठोकळा

आता त्या जपानी कंपनीकडे वळू. तिचं नाव निन्टेंडो. क्योटो शहरात १८८९ साली ती सुरू झाली, तेव्हा ती चक्क पत्ते बनवायची! व्हिडिओ गेम पुढे कितीतरी वर्षांनी आले. या कंपनीनं २००१ सालच्या सप्टेंबरमध्ये जपानमध्ये 'गेमक्यूब' नावाचं यंत्र बाजारात आणलं. क्यूब म्हणजे घन. नावाप्रमाणे ते ठोकळ्यासारखंच होतं. रुंदी सुमारे १५ सेंटीमीटर, खोली १६ आणि उंची ११. म्हणजे तुमच्या पट्टीच्या निम्म्याएवढं. रंग जांभळा, शिवाय काळा वगैरेही मिळायचा. त्यातल्या तबकड्या फक्त ८ सेंटीमीटरच्या.

आणि पाठीमागच्या बाजूला होतं एक भक्कम हँडल! ते धरून उचललं की यंत्राचं तोंड जमिनीकडे होऊन ते हातात लोंबायचं.

हे यंत्र बॅटरीवर चालणारं नव्हतं बरं का. त्याला टीव्ही लागायचाच. मग घरात बसायच्या वस्तूला हँडल कशाला? त्याचं उत्तर यंत्राच्या पुढच्या बाजूला होतं. तिथं रिमोट जोडायला चार जागा होत्या. एका वेळी चौघांनी एका टीव्हीसमोर बसून खेळायचं. चौघं जमवायचे तर कधी मित्र आपल्याकडे येणार, कधी आपण मित्राकडे जाणार. २००३ साली आलेल्या मोटारींच्या शर्यतीच्या एका खेळात तर जादा भाग बसवून आठ यंत्रं एकमेकांना जोडता यायची आणि सोळा जण शर्यत लावायचे. आता आठ यंत्रं एका घरात कुठून येणार? ज्यानं त्यानं आपापलं उचलून आणायचं!

आपल्याकडे भजनी मंडळाची पेटी अशीच असते. आज या वाड्यात, उद्या त्या देवळात. तिच्या दोन्ही बाजूंना कड्या असतात, दोघं दोन बाजूंनी धरतात आणि चालू लागतात. चार माणसांत न्यायची वस्तू, म्हणून तिला कड्या.

हाताचं गणित

हँडलमुळे वजन कमी होतं का? मुळीच नाही. मग उचलणं सोपं का होतं? एक प्रयोग करून पाहा.

पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत २ किलो तांदूळ घ्या आणि पाच मिनिटं ती एका हातात धरून उभे राहा. मग त्याच पिशवीच्या बंदाला जाड फडकं गुंडाळा आणि पुन्हा धरा. फरक जाणवेल. का ते पाहू. चार बोटांची मिळून रुंदी ८ सेंटीमीटर धरा. बंद गोळा होऊन २ मिलिमीटर जाडीचा झाला, तर वजन जेमतेम १.६ चौरस सेंटीमीटर जागेवर पडतं. म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर १,२५० ग्रॅम! तोच बंद २ सेंटीमीटर रुंद असेल तर जागा होते १६ चौरस सेंटीमीटर, आणि भार उरतो १२५ ग्रॅम. दहापट कमी. माझ्या बोटांवर वळ का उठले, ते कळलं ना आता?

दुसरी गोष्ट तोलाची. बादलीची कडी बरोबर मधोमध असते. ती एका बाजूला असती तर पाणी सांडलं असतं. वस्तूचं वजन धरण्याच्या जागेच्या थेट खाली आलं, की मनगटाला ती सावरत बसावी लागत नाही.

हँडल बोलतं

हँडल उचलायला तर लागतंच, ते आणखीही काही करतं. १९९८ साली अमेरिकेतल्या अ‍ॅपल कंपनीनं आयमॅक नावाचा रंगीत संगणक काढला. तो टेबलावर ठेवायचा, वजन १७ किलोच्या आसपास. कोण कशाला तो रोज उचलेल? तरीही त्याच्या डोक्यावर हँडल होतं. तो घडवणाऱ्या जोनाथन आइव्ह यांचं म्हणणं असं, की लोकांना संगणकाची भीती वाटायची. हँडल दिसलं की हात लावायला परवानगी आहे असं वाटतं आणि भीती जाते.

शाळेतही मी हे पाहते. काचेच्या कपाटातल्या वस्तूपासून मुलं दूर उभी राहतात. पण खेळाच्या साहित्याची कडीची बादली दिसली, की दोघं जण न सांगता ती उचलून मैदानावर नेतात. कडी जणू म्हणते, "चला, मला घेऊन चला."

मग ते यंत्र जिंकलं का?

नाही. खरं तेच सांगायला हवं. जगभरात गेमक्यूब विकले गेले सुमारे २ कोटी १७ लाख. त्याच काळातलं सोनी कंपनीचं प्लेस्टेशन २ विकलं गेलं १५ कोटींहून अधिक. त्याला हँडल नव्हतं, पण त्यावर सिनेमाच्या डीव्हीडी पाहता यायच्या. कित्येकांनी तर गेमक्यूबला खेळण्यातला डबा म्हणून हिणवलं.

शिवाय त्या हँडलची एक अडचण होतीच, माझ्या सांगलीच्या फजितीसारखी! हँडल धरून तुम्ही उचलणार फक्त ठोकळा. रिमोट, टीव्हीची वायर, तबकड्या आणि विजेचा वेगळा अ‍ॅडॉप्टर? त्याला पिशवी लागणारच. आणि पिशवी घ्यायचीच आहे, तर ठोकळाही तिच्यातच का नको?

आमच्या मिरजेचं उदाहरण घ्या. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याचा भोपळा इतका नाजूक, की त्याला कडी लावून लोंबकळत नेणं शक्यच नाही. म्हणून त्याला गवसणी घालतात, दूर न्यायचा तर पेटीत ठेवतात. धरायची जागा वाद्याला नाही, त्याच्या आवरणाला!

तर माझं उत्तर असं. साताऱ्याहून सांगलीला जायचं, तर हँडल फारसं कामाचं नाही. तिथं चांगली रुंद पट्ट्याची पिशवी आणि सामानाची यादी हवी. पण या खोलीतून त्या खोलीत, वरच्या मजल्यावरून खाली, आपल्या घरातून शेजारच्या घरात न्यायचं, तर हँडलसारखी सोय नाही. एका हातात यंत्र, दुसरा हात दार उघडायला मोकळा.

पुढे २०१७ साली त्याच निन्टेंडोनं 'स्विच' आणलं. टीव्हीजवळच्या खाचेत ठेवलं की घरचं, बाहेर काढलं की हातातलं. त्याला पडदाही स्वतःचा! ते मात्र १५ कोटींहून अधिक खपलं. खेळ उचलून न्यावा, ही इच्छा खोटी नव्हतीच. ती पुरी करायला नुसती कडी अपुरी पडली.

पालकहो, तुमच्यासाठीही

उचलायला सोपी वस्तू आवरायलाही सोपी असते. टीव्हीखाली वायरींच्या जंजाळात कायमचं बसलेलं यंत्र दिवसभर मुलांना खुणावत राहतं. तेच खेळ झाल्यावर उचलून कपाटात गेलं, तर खेळाला सुरुवात आणि शेवट मिळतो. "बंद कर, बंद कर" असं दहा वेळा ओरडण्यापेक्षा "उचलून ठेव" हे एकदा सांगणं सोपं जातं. आमच्या घरचा अनुभव आहे!

आणखी एक. उचलायची वेळ कधीकधी विचारून येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. अशा वेळी जे हाताला चटकन धरता येतं, तेच आधी माडीवर जातं. म्हणून नदीकाठच्या घरांत कागदपत्रं, औषधं, पुस्तकं अशी एका पट्ट्याच्या पिशवीत पावसाळ्यापूर्वीच भरलेली असावीत. खेळ मागे राहिला तरी चालेल. तो पुन्हा आणता येतो.

नेण्यापूर्वी लक्षात ठेवा

यंत्र आधी बंद करा. आत तबकडी फिरत असताना ते कधीही उचलू नका. प्लग काढा, मग वायरी काढा. वायर ओढून काढायची नाही, तिचं टोक धरून काढायची. वायरी सैल गुंडाळा. आणि निघताना यादी वाचा: यंत्र, रिमोट, टीव्हीची वायर, कॅसेट किंवा तबकडी, आणि... हो, अ‍ॅडॉप्टर! तो शेवटी भिंतीवर राहतो, हे माझ्याकडून शिका.

आता तुमचं काम. एका कोऱ्या कागदावर घरातली अशी वस्तू काढा, जिला हँडल नाही पण हवं असं तुम्हाला वाटतं. मिक्सर, अभ्यासाचा दिवा, आजोबांचा रेडिओ, काहीही. हँडल कुठं लावाल? किती रुंद? तोल जाईल का? चित्र झालं की आई-बाबांना दाखवा आणि मग ते शेजारच्या मित्राकडे घेऊन जा. कागदाला कडी लागत नाही, आणि अ‍ॅडॉप्टरही लागत नाही!