पूरप्रसंगी नागरी वैमानिकांची सेवा

बदलापूरनजीकचे बारवी धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे असून ठाणे जिल्ह्यातील कारखान्यांना व अनेक शहरांना त्यातून पाणी मिळते. धरण पूर्ण भरले म्हणजे त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडतात आणि जादा पाणी बारवी नदीतून उल्हास नदीस मिळते. त्या वेळी काठावर कोणी माणूस वा जनावर राहिले आहे काय, कोणता रस्ता बुडाला आहे, हे पायी फिरून समजणे कठीण; आकाशातून ते थोड्या वेळात समजते.

दिनांक २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व स्थानिक ग्रामस्थ यांच्या प्रयत्नांनी सुमारे १०५० प्रवाशांची सुटका झाली. शासकीय पथके पोहोचेपर्यंत पहिली माहिती गावानेच द्यावयाची असते, हे अशा प्रसंगी ध्यानात घ्यावयास हवे.

अमेरिकेत १ डिसेंबर १९४१ रोजी स्थापन झालेल्या ‘सिव्हिल एअर पेट्रोल’ या संस्थेत सामान्य नागरिक स्वेच्छेने विमान चालवून हरवलेल्यांचा शोध घेतात व पूरग्रस्त भागाची छायाचित्रे काढतात. आपल्याकडे खाजगी विमाने थोडी. त्यामुळे खेड्यास जवळचे साधन म्हणजे ड्रोन, अर्थात जमिनीवरून चालविले जाणारे मानवरहित छोटे विमान. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेखाली बचत गटांतील महिलांना ते चालविण्याचे शिक्षण मिळत आहे. फवारणीचा ड्रोन पाहणीस सोयीचा नसला, तरी अशा प्रशिक्षित महिलेचे ज्ञान पूरकाळी गावाच्या उपयोगी पडू शकेल. नागरी संरक्षण दलाच्या कार्यात आता आपत्ती व्यवस्थापनाचाही समावेश आहे. तेव्हा अशा स्वयंसेवकांना पुढे तेथे स्थान मिळणे उचित होईल.

तथापि या साधनाच्या मर्यादा ओळखाव्यात. लहान ड्रोन मुसळधार पावसात वा जोराच्या वाऱ्यात उडत नाही, आणि एका बॅटरीवर साधारणतः अर्ध्या तासाहून अधिक चालत नाही. तो माणसास उचलून आणीत नाही. सुटका नावेने व दोरानेच होते. म्हणून पाऊस उघडताच पाहणी करणे, व पूर ओसरल्यावर बुडालेल्या शेतांची छायाचित्रे पंचनाम्यास पुरविणे, ही त्याची खरी कामे होत.

ग्रामकार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी पुढील व्यवस्था करावी :

१. गावातील प्रशिक्षित ड्रोनचालकांची यादी करून ती तहसील कार्यालयास द्यावी.

२. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे ड्रोनची नोंदणी झाली आहे व तेथे उड्डाणास मुभा आहे, याची खात्री करावी. हरित क्षेत्रातही ४०० फुटांहून उंच जाऊ नये. धरणाजवळ संबंधित अधिकाऱ्यांच्या अनुमतीवाचून ड्रोन उडवू नये.

३. हेलिकॉप्टर येताच सर्व ड्रोन तत्काळ खाली उतरवावेत. टक्कर झाल्यास वाचविणाऱ्यांचेच प्राण धोक्यात येतात.

४. हेलिकॉप्टर उतरण्याजोगी उंच, सपाट व तारांपासून दूर असलेली जागा ठरवून ठेवावी. तेथे सुटे पत्रे, कडबा वा कापड राहू देऊ नये.

स्वयंसेवकाने स्वतःच्या हौसेने नव्हे, तर अधिकाऱ्यांच्या सूचनेनुसार उड्डाण करावे. शिस्तीने मिळविलेली माहिती वेळेवर योग्य हाती पडली, तरच तिच्यामुळे प्राण वाचतात.