रोजनिशी, इंग्रजी आणि परदेशांतील सेवा

आमचा पुतण्या रुग्णसेवेचें शिक्षण पुरें करून आफ्रिकेंतील एका आरोग्यकेंद्रांत वर्षभर स्वयंसेवक म्हणून जावयाचें ठरवून बसला, तेव्हां मातोश्रींना त्याच्या जेवणाखाण्याची काळजी लागली, वडिलांना प्रवासाची. आम्हांस मात्र त्याच्या इंग्रजीची काळजी वाटूं लागली. परीक्षेंत त्याला इंग्रजीचे गुण चांगले होते. परंतु सरावासाठीं लिहिलेल्या त्याच्या एका टिपणांत रोग्याला औषध दिलें आहे कीं द्यावयाचें आहे, हेंच आम्हांस उमगेना! घरीं अशा चुकीला आपण हंसतों. रुग्णाच्या उशाशीं ती फार महाग पडते; कारण रात्रपाळीचा सोबती त्या टिपणावर विसंबूनच पुढचें औषध देणार.

ह्यावर उपाय जुनाच आहे. अमेरिकेंतील थोर पुरुष बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) ह्यानें तो आपल्या आत्मचरित्रांत सांगितला आहे. ‘स्पेक्टेटर’मधील निबंध वाचून तो वाक्यावाक्याच्या आशयाचीं त्रोटक टाचणें करी, कांहीं दिवसांनीं त्यांवरून निबंध स्वतःच्या शब्दांत पुन्हां लिही, आणि मुळाशीं ताडून आपल्या चुका शोधी. सुधारणेचें मर्म नुसत्या लिहिण्यांत नसून ह्या ताडून पाहण्यांत आहे.

पुतण्यानें रोजनिशी ह्याच धोरणानें चालविली. रात्रीं पंधरा मिनिटें, प्रसंग एकच: काय घडलें, केव्हां घडलें, आतां काय करावयाचें. लिहितांना कोश उघडावयाचा नाहीं. अडलेला शब्द मराठींत लिहून पुढें जावयाचें. सकाळीं तें मोठ्यानें वाचून दुरुस्त करावयाचें आणि चूक निराळ्या वहींत टिपावयाची. रोग्याचें नांव मात्र त्यानें रोजनिशींत कधींच लिहिलें नाहीं. तो त्या सेवेचा पहिला धर्मच होय.

महिन्याभरांत एक गोष्ट ध्यानांत आली. चुका शंभर नव्हत्या. त्याच चार-पांच पुनःपुन्हां येत होत्या, आणि त्यांचें मूळ आपल्या मराठींत होतें. ‘काल औषध दिलें आहे’ हें मराठींत शोभतें; इंग्रजींत ‘येस्टरडे’ आलें कीं ‘हॅव गिव्हन’ चालत नाहीं. ‘विषयावर चर्चा केली’ म्हणतां म्हणतां तो ‘डिस्कस्ड अबाउट’ लिहून जाई. ‘अ’ आणि ‘द’ हीं उपपदें मराठींत नसल्यामुळें तीं हमखास गळत.

खरी परीक्षा मात्र मातोश्रींनीं घेतली. तो रोज लिहिलेल्याचा अर्थ त्यांना मराठींत सांगे. ‘मग पुढें काय झालें रे?’ असें त्यांनीं विचारलें, कीं लिहिण्यांत कांहीं राहिलें हें समजावें. इंग्रजी न जाणणाऱ्या आजीनें नातवाचें इंग्रजी सुधारलें, तें असें.

अर्थात् इंग्रजी हें सहकाऱ्यांशीं बोलण्याचें साधन. रुग्णांची भाषा निराळीच असावयाची. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेथें चिनी भाषा शिकले, आणि १९४२ सालीं त्यांनीं त्याच भूमींत देह ठेवला. आमच्या पुतण्याच्या वहींतहि आतां स्थानिक भाषेच्या शब्दांसाठीं चार पानें कोरीं सोडलेलीं आहेत.

निघण्याच्या आदल्या रात्रीं त्यानें तेंच पहिलें टिपण पुन्हां लिहून आम्हांस दाखविलें: औषध आठ वाजतां दिलें, पुढचें बारा वाजतां द्यावयाचें आहे. ह्यांत भाषेचा डौल नाहीं. परंतु अपरिचित सोबत्यानें त्यावर विसंबावें, इतका खरेपणा त्यांत आहे. मातोश्रींनीं तें ऐकून एवढेंच सांगितलें, ‘घरीं पत्र मात्र मराठींतच लिही हो!’