वीस पावलं

बांधावरचं फाटक लावून मी शेतात शिरले की पार दुसऱ्या टोकाला निंबाखाली उभी असलेली तारा मान वर करायची. दोन्ही कान माझ्याकडे वळायचे आणि मी चालत येईपर्यंत ती जागची हलायची नाही. आज धरली जाणार असं वाटायचं. मग आमच्यात वीस पावलं उरली की ती वळायची आणि चालू लागायची. पळत नसे, नुसती चालायची. मी थांबले की थांबायची, मी निघाले की निघायची. आमच्या दोघींमध्ये कुणी वीस पावलांची काठी आडवी बांधून ठेवावी तसं ते अंतर कायम राहायचं. माघापासून मी ते रोज मोजत होते.

शहादा तालुक्यात तापीकाठी आमची शेती. काळी जमीन, पपई, केळी, थोडा ऊस. उत्तरेला निरभ्र दिवशी सातपुड्याची निळी रेघ दिसते. घराला लागून तीन एकरांचा तुकडा आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घोड्यासाठी पडीत ठेवलेला आहे. बांधलेलं घोडं त्यांना बघवत नाही. पान का सडलं, घोडा का अडला, भाकरी का करपली, हे लहानपणी सगळ्यांना घातलेलं कोडं. त्याचं उत्तर, न फिरवल्यामुळे, नाना फार मनावर घेतात. आगाडी-पिछाडी लावून दिवसभर ठाणावर ठेवलेल्या घोड्याचे पाय सुजतात, पोट बिघडतं आणि ते कुंपणाचं लाकूड चावत बसतं. म्हणून दिवसा मोकळं शेत आणि रात्री गोठ्याशेजारचं ठाण. यात एकच अडचण: मोकळं सोडलेलं जनावर रोज संध्याकाळी पुन्हा धरावं लागतं. नानांचे गुडघे गेल्या हिवाळ्यापासून साथ देत नाहीत, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं.

तारा सारंगखेड्याच्या यात्रेतली. मार्गशीर्षात दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तेव्हा राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडे येतात आणि तापीकाठी आमच्या तालुक्यातलं ते गाव काही दिवस फक्त घोड्यांचं होतं. आता त्याला चेतक महोत्सवाची जोड आहे, तंबू आहेत, स्पर्धा आहेत. पण सौदा अजून जनावराभोवती उभं राहूनच होतो. गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग पाय उचलून खूर बघतं आणि मग अंगावरचे भोवरे शोधतं. कोणता भोवरा शुभ, कोणता खोडीचा, यावर किंमत वरखाली होते. पंचकल्याणी असेल तर मालक आधीच छाती काढून उभा असतो. तारा कुमेत रंगाची, कपाळावर एक पांढरा टिळा. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे कान आत वळलेले असतात, टवकारले की टोकं एकमेकांना टेकतात. तिचे तसेच आहेत. यात्रेत तिला कुणीही हात लावत होतं आणि ती उभी राहत होती. याचा अर्थ आम्ही असा घेतला की जनावर माणसाळलेलं आहे. बांधलेलं असताना उभं राहणं आणि मोकळं असताना उभं राहणं यांत किती फरक आहे, ते आम्हाला माघात कळलं.

त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा आली नाही. अंधार पडत होता, रानडुकरांची भीती होती, म्हणून घरातली आणि वाटेकऱ्यांकडची मिळून चार माणसं आम्ही शेतात उतरलो. दोघांच्या हातात दोर, एकाकडे काठी. कोपऱ्यात कोंडून धरायचं ठरलं. ती एकदा आमच्यातून निसटली, दोनदा निसटली, तिसऱ्या वेळी चौखूर उधळली आणि अंधारात न दिसलेल्या काटेरी तारेवर छातीनं गेली. मग ती थरथरत उभी राहिली आणि आम्ही तिला धरली. हे शब्द लिहिताना अजून बरं वाटत नाही. छातीवर वीतभर चीर होती. रात्री डॉक्टर आले, टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, ते टाळून चालत नाही. पुढचे आठ दिवस रोज एक सुई. तिच्या बाजूनं पाहिलं तर हिशेब सरळ होता: माणसं येतात, दोर येतो, मग दुखतं.

जखम भरल्यावर तिला पुन्हा सोडली आणि वीस पावलं सुरू झाली.

मी जे जे सुचेल ते केलं. तोबऱ्यात भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा घेऊन गेले. ती आली, मान लांब करून खाल्लं, आणि पाठीमागे लपवलेला माझा हात हलला की गेली. चार दिवसांनी ती तोबरा बघूनही येईना. लपवलेल्या दोराइतकं घोड्याला दुसरं काही लवकर कळत नाही. त्याच्या कपाळासमोरची आणि शेपटीमागची थोडीशी जागा सोडली तर त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. माझा पाठीमागचा हात तिला दिसत नव्हता, पण माझा खांदा ताठरलेला दिसत होता. मोहोरकी अंगावर ठेवूनच सोडा, असं एकानं सुचवलं. त्याला नानांनी नकार दिला. मोहोरकी फांदीत किंवा खुंटात अडकली तर घोडं मान मोडून घेतं.

फाल्गुनात नानांनी आबांना बोलावलं. आबांनी आयुष्यभर टांगा हाकला, आता नातवंडांत असतात, पण सारंगखेड्याची यात्रा चुकवत नाहीत. ते फाटकापाशी उभे राहिले आणि मला म्हणाले, रोज जशी धरतेस तशी धर, मी बघतो. मी गेले. वीस पावलं. परत आले. ते म्हणाले, ‘‘तू तिना मांगे पळशी, ते ती पुढे पळी. तिले धरानं नही माय, तिले येऊ देवानं.’’

मी पळत नव्हते, असं म्हणणार होते. पण त्यांनी जे दाखवलं त्यानंतर बोलले नाही. मी फाटकातून निघाले की सरळ तिच्या तोंडाकडे, नजर तिच्या डोळ्यांवर, पाऊल झपझप. वाघही असाच येतो, आबा म्हणाले. ते स्वतः निघाले ते तिच्याकडे नव्हेच, निंबाच्या डाव्या बाजूला. दोर लपवला नव्हता, खांद्यावर उघडा टाकला होता. नागमोडी चालत, मध्येच वाकून जमिनीवरचं काहीतरी बघत ते तिच्या खांद्याच्या रोखानं सरकत होते. तिनं मान वर केली त्याच क्षणी ते थांबले. ती निघण्याआधी. तिथंच उभं राहून तिच्याकडे पाठ केली आणि चार पावलं मागे आले.

मागे येणं, सगळं काम त्यात होतं. ते मला पुढच्या दीड महिन्यात उमगत गेलं. तिचा एक कान वळतो, खालचा ओठ आवळला जातो, नाकपुडी रुंदावते आणि सगळ्यात शेवटी पाय हलतो. पाय हलेपर्यंत थांबलं तर उशीर झाला. तिला तिच्या पळण्याचं फळ मिळालं. ओठ आवळल्याबरोबर मी मागे सरले तर तिला उभं राहण्याचं फळ मिळतं. मग ती मान खाली सोडते, जीभ फिरवते, रवंथ केल्यासारखा जबडा हलवते. ते झालं की पुन्हा दोन पावलं. असं रोज पहाटे पाऊण तास, ऊन चढायच्या आत. आमच्या खानदेशात चैत्रातच नऊनंतर शेतात उभं राहवत नाही. वीस पावलांची सतरा झाली, मग बारा, मग एका दिवशी काहीतरी बिनसलं आणि पुन्हा अठरा. त्या दिवशी मी घरून भांडून आले होते. रागात घोड्याजवळ जाऊ नये, हे झेनोफॉननं ग्रीकमध्ये तेवीसशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं आहे. ते मी वाचलं होतं आणि तरी गेले होते.

आबांचा दुसरा नियम मला सगळ्यात अवघड गेला. जवळ पोचलीस तरी धरायचं नाही. चैत्र सरताना मी पहिल्यांदा तिच्या खांद्याशी उभी राहिले. अंगाचा उबदार, गवताचा वास येत होता. छातीवरच्या व्रणावर केस पांढरे उगवले होते. हात वर करून आयाळ जिथं संपते तिथं, मानेच्या मुळाशी, बोटांनी खाजवलं. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ती हीच जागा. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की नेमकं तिथं खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, इतरत्र खाजवून तसं होत नाही. माझ्या हाताखाली तिची मान जड होत खाली गेली, वरचा ओठ लांब होऊन थरथरू लागला. दोर खांद्यावर होता. घातला असता तर बसला असता. मी हात काढला आणि फाटकाकडे चालू लागले. मागून टापांचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. आबांनी वळायचं नाही असं बजावलं होतं. फाटकापर्यंत ती माझ्यामागे आली.

त्यानंतर आठ दिवसांनी दोर मानेवरून टाकला, नुसता लोंबता, आणि लगेच काढला. मग टाकून खाजवलं आणि काढला. मग मोहोरकी. त्यात तिनं स्वतः नाक घातलं. हे शक्य झालं ते एका हिशेबानं, आणि तो हिशेब आबांनी ठरवून दिला होता: दहा वेळा धरलीस तर नऊ वेळा काहीही करायचं नाही. खरारा करायचा, मूठभर चंदी द्यायची, तिथल्या तिथं सोडायची. नाल ठोकणारा, डॉक्टर, खोगीर, हे सगळं दहाव्या वेळी.

आणि सोडणं. याबद्दल कुणी बोलत नाही, पण आबा धरण्यापेक्षा त्यावर जास्त बोलले. आपण फाटकातून घोडं आत ढकलतो, मोहोरकी ओढून काढतो, ते दुगाण्या झाडत निघून जातं आणि आपल्याला कौतुक वाटतं. त्याला मात्र रोज एकच गोष्ट पक्की होते, की माणसापासून सुटलो. म्हणून आता मी तिला आत नेते, तोंड फाटकाकडे, माझ्याकडे वळवते, मोहोरकी हळू उतरवते, दोर मानेवर तसाच ठेवून थोडं खाजवते आणि आधी मी निघते. ती नंतर. दोर हाताला गुंडाळायचा नाही, घडी करून धरायचा. उधळलं तर बोटं जातात. टांग्याच्या धंद्यात आबांच्या ओळखीच्या एकाची गेली होती.

महाभारतात अज्ञातवासात नकुल ग्रंथिक नाव घेऊन विराटाची घोडी सांभाळतो. भावांमधला हा सर्वांत देखणा, आणि अख्खं वर्ष त्यानं पागेत काढलं. पूर्वी मला ते वेष बदलण्यापुरतं काम वाटायचं. आता वाटतं, पाची जणांत सर्वांत शांत हात त्याचाच असणार. घोड्यांच्या विद्येवर त्याच्या नावानं ग्रंथ सांगितला जातो. ज्या शालिहोत्राच्या नावावरून आपण जुन्या काळी घोड्यांच्या वैद्याला साळोत्री म्हणत होतो, त्याची परंपराही तेवढीच जुनी. आबांना यातलं काही ठाऊक नाही, आणि मला जे हवं होतं ते त्यांच्याकडे होतं.

ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर, धनुर्वाताची लस चुकवता येत नव्हती. डॉक्टरांना मी विनंती केली की गाडी लांब उभी करा, मी धरते, तुम्ही सावकाश या. ते आले. तारा उभी राहिली. सुई गेली तेव्हा तिचं सगळं अंग एकदा शहारलं, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला सोडलं नाही, अर्धा तास खाजवत उभी राहिले, मगच मोहोरकी काढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी फाटक उघडलं. रात्रीच्या पहिल्या पावसानं माती चिकट झाली होती. ती निंबाखाली होती, कान माझ्याकडे. मी खांद्याच्या रोखानं निघाले. अकरा पावलांवर तिचा ओठ आवळला. मी मागे सरले.

आज सकाळी सहा होती.