देवमाशाखाली अंथरूण

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये शिरलं की हिंट्झ हॉलच्या छताला टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा दिसतो. लांबी २५.२ मीटर. १८९१ साली आयर्लंडमधल्या वेक्सफर्डच्या किनाऱ्याजवळ हा देवमासा वाळूत अडकला होता. दिवसा त्याच्याखालून गर्दी वाहत असते. मान वर करायची, फोटो काढायचा, पुढे सरकायचं. काही ठरावीक रात्री मात्र दरवाजे बंद झाल्यावर याच फरशीवर मुलांच्या चटया आणि स्लीपिंग बॅगा पसरतात. ‘डायनो स्नोअर्स’ हा उपक्रम सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी, अर्थात सोबत मोठी माणसं हवीतच. टॉर्च घेऊन अंधाऱ्या दालनांत डायनोसॉरचा माग काढायचा, शास्त्रज्ञांकडून प्राण्यांच्या गोष्टी ऐकायच्या आणि फासळ्यांकडे बघत झोपी जायचं.

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतही मुलं ९४ फुटी देवमाशाच्या प्रतिकृतीखाली झोपली आहेत. ‘नाइट अॅट द म्युझियम’ या २००६च्या चित्रपटाची गोष्ट याच संग्रहालयात घडते. मुक्कामाची कल्पना मात्र त्याहून जुनी. ओहायोतल्या कोलंबस शहरातल्या ‘कोसाय’ या विज्ञानकेंद्राने १९७२ मध्येच मुलांना रात्री राहायला बोलावलं होतं.

त्याआधी कित्येक वर्षं संग्रहालयांना अंधाराचं भय होतं. ब्रिटिश म्युझियमने आगीच्या धास्तीने दालनांत गॅसचे दिवे येऊ दिले नाहीत, त्यामुळे उजेड संपला की दारं बंद. साउथ केन्सिंग्टन म्युझियमने, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने, १८५७ मध्ये गॅसच्या उजेडात संध्याकाळी दारं उघडी ठेवली, ती दिवसभर राबणाऱ्या कामगारांना येता यावं म्हणून. ब्रिटिश म्युझियमची दालनं संध्याकाळी उघडी राहू लागली ती विजेचे दिवे आल्यावर, १८९० मध्ये. आज तिथे सभासदांची मुलं इजिप्तच्या शिल्पदालनात दगडी राजांच्या पायाशी झोपतात.

या मुक्कामात गंमत आहेच, पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो टॉर्च. ब्रिटिश म्युझियममध्येच प्राचीन असिरियातल्या निनेवेच्या राजवाड्यातले, इसवीसनपूर्व ६४५च्या सुमाराचे सिंहाच्या शिकारीचे दगडी फलक आहेत. त्यांचं कोरीवकाम फार उथळ. समोरून सपाट उजेड पडला की आयाळ, स्नायू, बाण सगळं दगडात विरघळतं. उजेड बाजूने, तिरपा आला की प्रत्येक रेघेला सावली मिळते आणि सिंह भिंतीतून वर उठतो. अभ्यासक पुसट शिलालेख वाचायला हीच युक्ती वापरतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस रोमला येणारे प्रवासी व्हॅटिकनमधले पुतळे मशालीच्या उजेडात पाहायला जात, तेही याचसाठी. रात्री हातात टॉर्च असलेलं मूल स्वतः ठरवतं की उजेड कुठे पाडायचा. पाहणं हे आपलं काम आहे, हे त्याला कुणी न सांगता कळतं.

मोठ्यांसाठीच्या रात्री मला थोड्या भरगच्च वाटतात. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये साग्रसंगीत जेवण, संगीत, पहाटेपर्यंत चित्रपट. यात सांगाड्याशी एकटं बसायला वेळ कधी मिळायचा? हिमालयीन कलेला वाहिलेल्या न्यूयॉर्कच्या रूबिन म्युझियमने वेगळा विचार केला होता. तिथल्या ‘ड्रीम-ओव्हर’मध्ये प्रौढांकडून आधी एक प्रश्नावली भरून घेत, तिच्यावरून प्रत्येकासाठी एक कलाकृती निवडत आणि तिच्याखालीच त्याची गादी घालत. सकाळी उठल्यावर कुणीतरी शेजारी बसून त्याचं स्वप्न ऐकून घेई. ती इमारत २०२४ मध्ये कायमची बंद झाली, याची हळहळ वाटते.

टॉर्चच्या उजेडात पाहावेत असे असिरियाचे शिल्पफलक आपल्या मुंबईतही, छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आहेत. वीसेक मुलं, तेवढेच टॉर्च आणि दालनातले दिवे तासभर बंद. सुरुवातीला एवढं पुरे. अंथरुणं पुढच्या वर्षी घालता येतील.