उत्तन-डोंगरीच्या दफनभूमी आणि गावकरी

मीरा-भाईंदरच्या पश्चिमेला समुद्रकाठी उत्तन, चौक, पाली आणि डोंगरी ही गावे आहेत. इथे कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची जुनी वस्ती आहे. १५३४ च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. पुढे इथे चर्च उभी राहिली आणि त्यांच्या आधाराने दफनभूमी आल्या. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तरी हा समाज आपला धर्म आणि मराठी बोली जपत इथेच राहिला. जागेच्या टंचाईमुळे मुंबई परिसरातील अनेक ख्रिस्ती दफनभूमींत ठरावीक काळानंतर कबर उघडून अस्थी कोनाड्यात ठेवतात आणि जागा पुन्हा वापरतात. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कुटुंबे कबरी सजवून मेणबत्त्या लावतात. कबरींच्या शिळांवरील नावे गावाचा इतिहास सांगतात; वाढत्या शहराने या दफनभूमी जपायलाच हव्यात.