‘नुसता स्प्रेन’ म्हणजे नेमकं काय?

पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी पनवेलच्या आसपासचे डोंगर गर्दीने फुलतात. कर्नाळ्याची शेवाळलेली वाट असो की ठाकूरवाडीहून प्रबळमाचीमार्गे कलावंतीणच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या, दगा होतो तो बहुधा उतरताना. पाय थकलेले असतात, पाऊल आतल्या बाजूला वळतं आणि बघता बघता घोटा सुजतो. डॉक्टर चिठ्ठीवर ‘स्प्रेन’ लिहितात आणि घरचे म्हणतात, “काही नाही, नुसता मुरगळलाय.”

हा ‘नुसता’च घात करतो. सांध्यातली हाडं एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्या म्हणजे अस्थिबंध; क्रिकेटच्या बातम्यांमुळे ‘लिगामेंट’ म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांना झालेली इजा म्हणजे स्प्रेन. पट्टी जरा ताणली गेली तरी स्प्रेन, अर्धवट फाटली तरी स्प्रेन आणि पार तुटली तरीही स्प्रेनच. पहिला थोड्या दिवसांत बरा होतो, तिसऱ्याला महिने लागू शकतात. म्हणून इजा कोणत्या श्रेणीची आहे, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

‘स्ट्रेन’ वेगळा. तो स्नायूचा किंवा स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेचा. धावताना मांडीचा मागचा स्नायू खेचला जातो, तो स्ट्रेन. कंबरेत उसण भरते तेव्हाही बरेचदा स्नायूच आखडलेला असतो. पायाळू माणसाने लाथ मारली की ती उतरते, या समजुतीला काही आधार नाही. दुखऱ्या पाठीला धक्का मात्र बसतो.

“चालता येतंय, म्हणजे फ्रॅक्चर नाही” हेही खरं नाही. काही फ्रॅक्चरमध्ये माणूस लंगडत चालू शकतो. कॅनडातल्या ओटावा इथे 1992 साली यासाठी सोपे नियम मांडले गेले आणि आज जगभरचे डॉक्टर ते वापरतात. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या टोकावर वा मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. उलट, एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्तही होऊ नये. त्यात हाडं दिसतात, फाटलेला अस्थिबंध दिसत नाही.

सर्वांत जास्त नुकसान करते ती मालिश. ‘नस चढलीय’ म्हणत पाय ओढायचा, गरम तेलाने रगडायचा. पहिले दोन-तीन दिवस आत रक्त साकळत असतं, चोळण्याने आणि शेकण्याने सूज वाढते. त्याऐवजी फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवावा, क्रेप बँडेज बांधावं, पाय उशीवर उंच ठेवावा.

आणि महिनाभर खाटेवर पडून राहणं? विश्रांती व बर्फाचा प्रसिद्ध मंत्र 1978 मध्ये अमेरिकी डॉक्टर गेब मिरकिन यांनी दिला. पूर्ण विश्रांती आणि अति बर्फ यांमुळे पाय बरा व्हायला उशीर लागू शकतो, हे पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं. साध्या स्प्रेनमध्ये दुखणं सोसेल तेवढं लवकर चालू लागावं. नंतर एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा, तो टाळला की तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो.

मुलांच्या बाबतीत जास्त जपा. त्यांच्या हाडांच्या टोकाशी असलेली वाढीची कूर्चा अस्थिबंधापेक्षा नाजूक असते, त्यामुळे स्प्रेन वाटणारी दुखापत प्रत्यक्षात त्या कूर्चेची असू शकते. मूल कबड्डी खेळून लंगडत आलं आणि हाडावर दाबताच कळवळलं, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.