कावेरीकाठी ‘कमवा आणि शिका’

श्रीनिवास रामानुजन यांची गोष्ट आपण नेहमी प्रतिभेची गोष्ट म्हणून सांगतो. एकदा ती जमाखर्चाची गोष्ट म्हणून मांडून पाहावी. १९०४ साली ते शिष्यवृत्ती मिळवून कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात दाखल झाले. गणिताखेरीज कशाकडे बघेनात, बाकीच्या विषयांत नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. वडील कापडाच्या दुकानात कारकून. फी भरण्याची ऐपत नव्हती. मुलगा घर सोडून विशाखापट्टणमला निघून गेला. पुढे मद्रासला पच्चैयप्पा कॉलेजात नाव घातले, पण तिथेही एफ. ए.ची परीक्षा निघाली नाही. मग शिकवण्या, मित्रांच्या खोल्या, एखाद्या दात्याची मदत. १९१२च्या मार्चमध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात कारकुनी मिळाली. जानेवारी १९१३मध्ये केंब्रिजचे गणिती हार्डी यांना धाडलेल्या पत्रात त्यांनी गणिताच्या आधी पगार सांगितला: वर्षाला वीस पौंड. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने महिना ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली आणि पोटाची चिंता मिटली. पोर्ट ट्रस्टच्या कचेरीत नोकरी आणि गणित एकत्र नांदले, कारण वरचे अधिकारी नारायण अय्यर स्वतः गणिती होते आणि अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी या कारकुनात लक्ष घातले. सगळा कारभार दोन माणसांच्या मर्जीवर चालला होता. नियमात त्याला जागा नव्हती.

ती जागा आजही पुरती झालेली नाही. गुण असतील तर शिष्यवृत्ती, नसतील तर शिक्षण सोडून नोकरी, अशी दोनच दारे आपण गरीब विद्यार्थ्यापुढे ठेवली. तिसरे दार आहे. पदवीच्या आतच पगारी काम असावे, त्या कामाचे श्रेयांक मिळावेत आणि त्याचा जाब विद्यापीठाने द्यावा. या तिसऱ्या दाराची परीक्षा पुण्या-बंगळुरात नव्हे, कुंभकोणमसारख्या गावात व्हायला हवी, असे या लेखाचे म्हणणे आहे.

मराठी वाचकाला हे गाव अगदीच परके नाही. १६७६पासून जवळजवळ पावणेदोनशे वर्षे तंजावरची गादी भोसल्यांकडे होती आणि कुंभकोणम त्याच मुलखातले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली इथलाच. सरकारी कॉलेजाची सुरुवात १८५४मधली. प्राचार्य पोर्टर आणि तंजावरी मराठी घराण्यातले टी. गोपाळराव यांच्या काळात त्याचा असा लौकिक झाला की लोक त्याला दक्षिणेचे केंब्रिज म्हणू लागले. त्या केंब्रिजातून वकील, मुन्सफ आणि कारकून निघाले. गावातला तांबट, विणकर आणि मूर्तिकार मात्र कॉलेजच्या फाटकाबाहेरच राहिला.

महाराष्ट्रात हे फाटक उघडण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न कर्मवीर भाऊराव पाटलांनी केला. १९१९मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था, १९२४मध्ये साताऱ्याचे वसतिगृह आणि १९४७मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. शेतात राबावे, दगड फोडावेत, स्वयंपाक करावा आणि त्या श्रमावर शिकावे, ही ‘कमवा आणि शिका’ योजना पुढे इतकी रुजली की पुणे विद्यापीठातली आजची योजनाही कर्मवीरांच्याच नावाने चालते. शेतकऱ्याच्या, दलिताच्या, धनगराच्या मुलाला तिने भीक न मागता शिकता येते हे दाखवले. हे ऋण मान्य करूनही एक उणीव नोंदवावी लागते. कुदळ मारणारा मुलगा बी. ए.ला इतिहास शिकत होता. कुदळीचा आणि इतिहासाचा संबंध नव्हता. काम पोटासाठी, शिक्षण डोक्यासाठी. आजही बहुतेक महाविद्यालयांत या योजनेतला विद्यार्थी ग्रंथालयात पुस्तके लावतो, कार्यालयात फायली हलवतो, बागेला पाणी घालतो आणि तासाप्रमाणे मानधन घेतो. गुणपत्रिकेवर त्या तासांची एक ओळ नसते.

काम आणि अभ्यास एका गुणपत्रिकेवर आणण्याचे प्रयोग बाहेर शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाले. १९०६ साली सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी २७ विद्यार्थी घेतले. आळीपाळीने एक तुकडी वर्गात, दुसरी कारखान्यात, आणि कारखान्यातल्या दिवसांचा पगार. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाने १९५७पासून त्यावरच आपले नाव उभारले. जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने १९७४मध्ये बॉश, डाइमलर अशा कंपन्यांना बरोबर घेऊन तीन महिने वर्ग, तीन महिने काम अशी घडी बसवली. तिथे विद्यार्थी कंपनीशी करार करतो आणि वर्गातल्या महिन्यांतही त्याचे वेतन चालू राहते. शिकणे हाही कामाचा भाग, असे कंपनीने लेखी मान्य केलेले असते. आपल्याकडे पिलानीच्या बिट्सने १९७३मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केले, पण ती निवडक मुलांची संस्था.

कायद्याची तयारी आपल्याकडे आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१चा. १९७३च्या दुरुस्तीने त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक आले. २०१९च्या नियमांनी पदवीच्या उमेदवाराचे किमान विद्यावेतन ९००० रुपये ठरवले आणि राष्ट्रीय योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्राने उचलला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रे अशा उमेदवारीची असू शकतात, आणि तिचे श्रेयांक पदवीतच धरले जातात. कागदावर तिसरे दार उघडे आहे. पण ज्यांची जाहिरात सर्वांत मोठी त्या योजना वेगळ्याच दिशेला बघतात. २०२४च्या अर्थसंकल्पातली महिना ५००० रुपयांची पंतप्रधान इंटर्नशिप योजना पूर्णवेळ शिकणाऱ्याला बाहेर ठेवते. महाराष्ट्राने त्याच वर्षी आणलेली, ६ ते १० हजारांची कार्य प्रशिक्षण योजनाही शिक्षण संपलेल्यांसाठी. तमिळनाडू सरकारी शाळांतून कॉलेजात गेलेल्या मुलींना २०२२पासून आणि मुलांना २०२४पासून महिना १००० रुपये देते. चांगलेच करते, पण ती मदत झाली. एकाने कामाला पैसे द्यायचे, दुसऱ्याने शिक्षणाला. दोन्हींची गाठ कुणी बांधत नाही.

ही गाठ बांधायला तमिळनाडूत सर्वांत जास्त विरोध होईल, आणि त्याला सबळ कारण आहे. १९५३ साली मद्रास राज्याचे मुख्यमंत्री राजाजी यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली. मुलाने रोज तीन तास शाळेत बसावे आणि उरलेला वेळ बापाचा धंदा शिकावा. कुंभाराच्या मुलाने चाक फिरवावे, परिटाच्या मुलाने धुणे धुवावे. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचे शिक्षण, असे नाव देऊन राज्य ढवळून काढले. १९५४मध्ये राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि कामराजांनी ती योजना गुंडाळली. सत्तर वर्षांनंतरही जखम ओली आहे. केंद्राची कारागिरांसाठीची विश्वकर्मा योजना आहे त्या रूपात राबवण्यास तमिळनाडूने २०२४मध्ये नकार दिला, कारण तिच्या अटी मुलाला पुन्हा बापाच्या ऐरणीवर नेतात असे राज्याचे म्हणणे. आणि २०२५मध्ये कोणत्याही जातीच्या कारागिराला खुली अशी स्वतःची योजना काढली. हा आक्षेप टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शिकता शिकता काम हे नेहमी गरिबाच्याच मुलाला का सांगितले जाते, हा प्रश्न रास्त आहे.

त्याचे उत्तर कुलकल्वीच्या रचनेतच सापडते. तिथे काम जन्माने ठरत होते, मूल प्राथमिक शाळेतले होते, कामाला मजुरी नव्हती आणि शाळेचा त्या कामाशी संबंध नव्हता. (वर्ध्याच्या १९३७च्या नई तालीमशी तिची गल्लत करू नये, तिथे टकळी शाळेत, शिक्षकाच्या देखत फिरत होती.) यातली एकेक बाब उलटवून बघा. सज्ञान विद्यार्थी, स्वतः निवडलेले काम, खात्यावर जमा होणारे वेतन, गुणपत्रिकेवर श्रेयांक. कुलकल्वीचे भूत या चार गोष्टींपुढे टिकत नाही. त्यातही निर्णायक वेतनच. बापाच्या भट्टीवर राबणाऱ्या मुलाला मजुरी कुणी देत नाही, म्हणून तो तिथून बाहेरही पडू शकत नाही. करार आणि पगार आला की भट्टी कुळाची राहत नाही. तिथे विणकराची मुलगीही उमेदवार म्हणून उभी राहू शकते.

भट्टीचा उल्लेख उगाच केलेला नाही. कुंभकोणमपासून सात-आठ किलोमीटरवर स्वामीमलई आहे, चोळ काळापासूनच्या पंचलोह मूर्तींची परंपरा जपणारे गाव. मूर्तीचे माप नारळाच्या झावळीच्या पट्टीला घड्या घालून घेतात. मेणात राळ आणि तेल मिसळून आधी मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीच्या गाळाचा मऊ लेप देतात, वर जाड मातीचे थर, मग तारांची बांधणी. साचा तापवला की मेण वितळून निघून जाते आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. साचा फोडल्यावरच कळते ओतीव साधली की नाही. पुन्हा संधी नाही, कारण एका साच्यातून एकच मूर्ती. या एका ओतकामात पदार्थविज्ञानाचे, रसायनाचे, भूमितीचे आणि किंमत ठरवण्याचे प्रश्न आहेत. हाच गाळ का चालतो, हे रसायनाच्या विद्यार्थ्याने तपासावे. भाग किती, वाया किती, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याने मांडावे. कुंभकोणमात चित्र-शिल्पाचे सरकारी महाविद्यालय आहे, रामानुजन यांच्या नावाने चालणारे शास्त्र विद्यापीठाचे केंद्र आहे. तिरुभुवनमचे रेशीम आणि नाच्चियारकोविलचे पितळी दिवे जवळच. आणि १९०४ साली इथे स्थापन झालेल्या सिटी युनियन बँकेचे मुख्य कार्यालय आजही इथेच आहे, ही गोष्ट लहान गावात उद्योग कुठे आहेत असे विचारणाऱ्यांच्या कानावर घालायला हवी.

अडचण उद्योग नसण्याची नाही, त्यांच्या आकाराची आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणे बंधनकारक, चार ते एकोणतिसांना ऐच्छिक. बँक पहिल्या गटात. मूर्तिकाराची कार्यशाळा बहुधा दुसऱ्यात, आणि त्या मालकाला महिना साडेचार हजारांचा आपला वाटाही जड जाईल. तिथे राज्याने भर घालावी. पूम्पुहार या राज्याच्या हस्तकला महामंडळाचे उत्पादन केंद्र स्वामीमलईत आहेच. दहा कार्यशाळांच्या वतीने एकच करार त्याने करावा.

स्वस्त मजुरीचा आक्षेप मात्र नुसत्या शब्दांनी फिटत नाही. कायद्याने उमेदवार हा कामगार नव्हे, आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. नऊ हजारांत पदवीचा मुलगा मिळत असेल तर कायम माणूस कोण घेईल? म्हणून कामाचा आराखडा कंपनीने नव्हे, विद्यापीठाने लिहावा, आणि सहा महिने मुलाला नुसती झेरॉक्स काढायला लावणाऱ्या आस्थापनेला पुढचा उमेदवार देऊ नये. अभ्यास मागे पडेल, ही काळजी रामानुजन यांच्या नावाने तर करूच नये. ज्या वर्षांत त्यांच्या हातात पगार नव्हता, त्याच वर्षांत त्यांच्या दोन परीक्षा बुडाल्या. आज मुले कॉलेज सुटल्यावर रात्री अन्नाची पाकिटे पोचवतात. अभ्यास तेव्हाही मागे पडतोच, फक्त त्या तासांचे श्रेयांक कुणी देत नाही.

कुंभकोणमला नवे विद्यापीठ काढण्याचे विधेयक तमिळनाडू विधानसभेने एप्रिल २०२५मध्ये मंजूर केले. ते विद्यापीठ उभे राहील तेव्हा त्याच्या अभ्यासमंडळाच्या पहिल्याच बैठकीला स्वामीमलईच्या एका मूर्तिकाराला आणि बँकेच्या एका हिशेबनिसाला बोलवावे, आणि त्यांना मताचा अधिकार द्यावा.